देहदण्डाचा वाद व वऱ्हाडांतील दोन साक्षी

एका मनुष्यानें क्रोधाच्या भरांत दुसऱ्याचा प्राण घेणें ही एक गोष्ट. आणि राज्यानें शांतपणें, साक्षीपुरावा तपासून, ठरलेल्या दिवशीं व ठरलेल्या घटकेस मनुष्याचा प्राण घेणें ही दुसरी गोष्ट. पहिलीस सर्वच अपराध म्हणतात. दुसरीस न्याय म्हणावें कीं न म्हणावें, हा देहदण्डाचा वाद होय. हा वाद युरोपांतून आला, बेक्कारिया या इटालियन पंडितानें इ. स. १७६४ मध्यें तो उपस्थित केला आणि इंग्रजी विद्येबरोबर आपण तो उसना घेतला, असा समज पुष्कळ सुशिक्षितांत दिसतो. हा समज बरोबर नाहीं. आपल्या संस्कृत वाङ्मयांत या वादाच्या दोन्ही बाजू इतक्या स्पष्टपणें मांडलेल्या आहेत कीं, आजच्या वकिलासहि त्यांत फारशी भर घालतां येणार नाहीं. शिवाय या वादाशीं संबद्ध अशा दोन साक्षी आपल्या वऱ्हाडांत आहेत. एक अमरावती जिल्ह्यांतील असून सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीची आहे. दुसरी अकोल्याची असून इ. स. १९४९ मधील आहे. या दोन साक्षींच्या आधारें प्रस्तुत वाद वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. द्युमत्सेन व सत्यवान्

आम्ही अनेक वर्षें विद्यार्थ्यांस संस्कृत शिकविलें. सत्यवान् हें नांव उच्चारतांच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें वटवृक्ष व सावित्री उभी राहते. परंतु महाभारताच्या शांतिपर्वांत हाच सत्यवान् एका निराळ्याच भूमिकेंत आढळतो. पित्याच्या, म्हणजे द्युमत्सेनाच्या, आज्ञेनें कांहीं अपराधी वधासाठीं नेले जात आहेत. तें पाहून सत्यवान् पित्यास म्हणतो कीं, धर्म कधीं अधर्माचें रूप घेतो हें खरें, पण वध हा धर्म होईल हें संभवत नाहीं. यापूर्वीं कोणीं न उच्चारलेलें वचन तो बोलला, असें तेथें मुद्दाम नमूद केलें आहे.

द्युमत्सेनाचा आक्षेप राजास शोभेल असाच आहे. दस्यूंस न मारणें हाच धर्म ठरला, तर धर्म आणि अधर्म यांची सरमिसळ होईल. 'हें माझें, तें त्याचें' ही मर्यादा राहणार नाहीं आणि लोकयात्रा थांबेल. सत्यवान् यावर तीन उत्तरें देतो. पहिलें असें कीं, राजा एका दस्यूस मारतो तेव्हां त्या एकासच मारीत नाहीं. त्याची माता, पिता, भार्या व पुत्र, ज्यांनीं कांहींहि अपराध केलेला नाहीं, तींहि त्याबरोबर मारलीं जातात. दुसरें असें कीं, दुष्ट मनुष्यहि कधीं सत्संगतीनें शील मिळवितो आणि असाधूच्या पोटीं साधु संतति निपजते. म्हणून मूळच उपटूं नये. तिसरें असें कीं, वधावांचूनहि दण्ड आहेत. बंधन, धाक व इतर शासनें करून राज्य राखतां येतें.

द्युमत्सेन पुन्हां म्हणतो कीं, पूर्वींचे लोक सहज आवरतां येत होते. त्यांस धिक्कार पुरे होई. पुढें कठोर वाणी लागूं लागली. त्यानंतर धन हरण करावें लागलें. आतां वधदण्ड आला आहे आणि कांहीं लोक तर वधानेंहि आवरत नाहींत. सत्यवानाचा शेवटचा रोख राजाकडेच आहे. जो राजा स्वतःस आवरीत नाहीं व इतरांस आवरूं पाहतो त्यास लोक हंसतात; कारण प्रजा राजाचें अनुकरण करते.

संवादाच्या शेवटीं कोण जिंकला हें ग्रंथकारानें उघड सांगितलेलें नाहीं. पिता मूर्ख नाहीं आणि पुत्र भोळा नाहीं. ज्या ग्रंथांत युद्धाची अठरा दिवसांची कथा आहे, त्यांतच हा प्रश्न असा मोकळा ठेवला जावा, हें आम्हांस विचार करण्यासारखें वाटतें.

येथें शब्दाविषयीं एक सूचना करणें अवश्य आहे. मनूनें वाग्दण्ड, धिग्दण्ड, धनदण्ड व वधदण्ड असे दण्डाचे चार प्रकार सांगितले आहेत. यांतील 'वध' शब्दाचा अर्थ पुष्कळ लोक प्राणहरण असाच घेतात. परंतु त्याच्याच पुढच्या श्लोकांत, वधानेंहि अपराधी आवरला नाहीं तर त्यावर चारहि दण्ड योजावेत, असें सांगितलें आहे. मेलेल्यास धिक्कारण्यांत अर्थ नाहीं. तेव्हां त्या स्थळीं वध म्हणजे ताडनापासून अंगच्छेदापर्यंतचा शारीर दण्ड असाच अर्थ घ्यावा लागतो. स्मृतींत प्राणान्तिक दण्ड नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं; तो आहे, आणि कौटिल्यानें तर शुद्ध वध व चित्र वध असे त्याचे भेदहि वर्णिले आहेत. परंतु 'वधदण्ड' शब्द दिसतांच फाशी समजूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.

२. पहिली साक्ष : चम्मकचा ताम्रपट

अमरावती जिल्ह्यांत अचलपुराजवळ चम्मक नांवाचें गांव आहे. वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन यानें आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षीं हें गांव सहस्र ब्राह्मणांस दान दिलें, तो ताम्रपट उपलब्ध आहे. काळ इसवी सनाचें पांचवें शतक. ताम्रपटांत गांवाचें नांव चर्माङ्क असून तें मधुनदीच्या तीरीं, भोजकट राज्यांत असल्याचें सांगितलें आहे. भूमीचें माप राजमानानें आठ सहस्र. हे सर्व तपशील संशोधकांस परिचित आहेत. आमचें प्रयोजन त्यांतील अटींशीं आहे.

दानपत्रांत दात्याची स्तुति, करांची सूट आणि दान हिरावून घेणाऱ्यास शाप, इतकें बहुधा असतेंच. चम्मकच्या पटांत याहून एक विशेष गोष्ट आहे. हें दान कोणत्या अटींवर चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल, तें राजानें स्पष्ट सांगितलें आहे. दान घेणाऱ्यांनीं राज्याशीं द्रोह करूं नये. ब्रह्महत्या, चोरी, परदारागमन, राजास विषप्रयोग असे अपराध करूं नयेत. लढाई करूं नये. दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. यांपैकीं कांहीं त्यांनीं केलें किंवा त्यास संमति दिली, तर राजा ती भूमि परत घेईल आणि तसें करतांना त्यास चोरीचें पाप लागणार नाहीं.

राजद्रोह व राजावर विषप्रयोग यांहून मोठे अपराध प्राचीन राजनीतींत नाहींत. तरीहि येथें राजानें धाक घातला आहे तो भूमि जाण्याचा. यावरून वाकाटकांच्या राज्यांत देहदण्ड नव्हता असें अनुमान काढणें साहसाचें होईल. दानपत्र हा दण्डाचा ग्रंथ नव्हे, आणि ज्यांस दान दिलें ते ब्राह्मण होते; ब्राह्मणास प्राणान्तिक दण्ड नसावा हा स्मृतींचा पक्ष प्रसिद्धच आहे. परंतु या आक्षेपांतूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. घोरांतील घोर अपराधासहि एका वर्गापुरता तरी प्राण न घेतां दण्ड करतां येतो व त्यानें राज्य बुडत नाहीं, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची खात्री होती. एका वर्गास जें पुरेसें ठरतें तें इतरांस कां पुरूं नये, हा प्रश्न तेव्हां कोणी विचारला नसेल. आज तो विचारल्यावांचून राहवत नाहीं.

याच सुमारास हिंदुस्थानांत आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूनें, मध्यदेशांतील राजे शिरच्छेदावांचून राज्य चालवितात, असें लिहून ठेवलें आहे. त्याच्याहि पूर्वीं अशोकानें आपल्या चौथ्या स्तंभलेखांत, देहदण्ड ठरलेल्या बंद्यांस तीन दिवसांची मुदत दिल्याचें नमूद केलें आहे. त्या अवधींत आप्तांनीं जीवदानासाठीं खटपट करावी किंवा बंद्यानें परलोकाची तयारी करावी. अशोकानें देहदण्ड बंद केला नाहीं, पण शिक्षा व अंमल यांमध्यें विचारास जागा ठेवली. आजच्या दयेच्या अर्जाचें बीज येथें आहे.

३. दण्ड व त्याची असमता

देहदण्ड सर्वांस सारखा लागत नाहीं, हा आक्षेप चम्मकच्या पटांतून जसा सुचतो, तसा मराठ्यांच्या इतिहासांतूनहि सुचतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही कथा महाराष्ट्रांत लहान मुलांसहि ठाऊक आहे. शास्त्रीबोवांच्या धैर्याची थोरवी कोणीहि कमी करूं शकणार नाहीं. पण परिणाम काय झाला? राघोबादादा आणखी दहा वर्षें जगले व इ. स. १७८३ मध्यें कोपरगांवीं वारले. कटांतील जे गारदी व हुजरे पुढें हातीं लागले, त्यांस मात्र हाल करून मारण्यांत आलें. न्यायाधीश निःस्पृह असूनहि दण्ड खालीं उतरला तो दुबळ्यांवरच.

पुण्याचा कोतवाल घाशीराम याची गोष्ट याच्या उलट आहे. इ. स. १७९१ मध्यें त्याच्या कोठडींत कोंडलेले कित्येक ब्राह्मण गुदमरून मेले. लोक खवळले, आणि कोतवालास त्या जमावाच्या स्वाधीन करण्यांत येऊन दगडांनीं ठेंचून मारण्यांत आलें. अपराध खरा, लोकांचा संतापहि खरा. पण त्या दिवशीं न्याय झाला कीं सूड घेतला गेला, हें सांगणें कठीण आहे. लोकक्षोभ हें देहदण्डाचें प्रमाण मानावें असें जे म्हणतात, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

४. दुसरी साक्ष : अकोल्याचें मशरूवाला कुटुंब

वऱ्हाडचा कारभार इ. स. १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांकडे आला. इ. स. १८६० च्या दण्डसंहितेनें खुनास दोन शिक्षा ठेविल्या, फांशी किंवा जन्मठेप. इ. स. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याप्रमाणें, खुनाच्या खटल्यांत फांशी न देणाऱ्या न्यायाधीशास तसें कां केलें याचीं कारणें लिहावीं लागत. म्हणजे फांशी हा नियम व जीवदान हा अपवाद होता.

हा नियम अमलांत असतांनाच ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत महात्मा गांधींचा खून झाला. लाल किल्ल्यांत खटला चालून १० फेब्रुवारी १९४९ रोजीं न्यायाधीश आत्माचरण यांनीं नथुराम गोडसे व नारायण आपटे यांस फांशीची शिक्षा सांगितली. २१ जून १९४९ रोजीं पूर्व पंजाबच्या उच्च न्यायालयानें ती कायम केली आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्याच्या तुरुंगांत ती अमलांत आली.

या प्रकरणीं अकोल्याचा संबंध येतो तो असा. गांधींचे द्वितीय पुत्र मणिलाल यांचा विवाह इ. स. १९२७ च्या मार्चमध्यें अकोल्यास झाला. वधू सुशीला ही अकोल्याच्या नानाभाई मशरूवाला यांची कन्या. नानाभाईंचे बंधु किशोरलाल यांनीं कांहीं काळ अकोल्यास वकिली केली, पुढें ते गांधींचे निकटचे सहकारी झाले आणि गांधींच्या पश्चात् इ. स. १९५२ मध्यें मृत्यु येईपर्यंत 'हरिजन' पत्राचें संपादन त्यांच्याकडे होतें. अकोल्याचे हे जांवई मणिलाल, आणि नागपुरास राहणारे त्यांचे धाकटे बंधु रामदास, या दोघांनीं आपल्या पित्याच्या खुन्यांस फांशी देऊं नये, अशी मागणी सरकारकडे केली. रामदासांनीं तर नथुराम यांच्याशीं पत्रव्यवहारहि केला. सरकारनें ही मागणी मान्य केली नाहीं.

या घटनेचें महत्त्व भावनेचें नसून विचाराचें आहे. देहदण्डाच्या बाजूनें जो सर्वांत बलवान् युक्तिवाद केला जातो तो असा कीं, ज्याचें माणूस गेलें त्याच्या दुःखाचें समाधान झालें पाहिजे. दया दाखविण्याचा अधिकार इतरांस नाहीं. येथें ज्यांचें माणूस गेलें होतें त्यांनींच दया मागितली होती. तरीहि राज्यानें ती नाकारली; कारण राज्याच्या मतें खून हा केवळ कुटुंबावरील नव्हे, तर सर्व प्रजेवरील आघात होता. हें राज्याचें म्हणणें एका अर्थीं बरोबर आहे. पण तें बरोबर मानलें, तर आप्तांच्या सूडेच्छेस देहदण्डाचें कारण म्हणून पुढें करतां येत नाहीं. आप्त क्षमा मागतात तेव्हां त्यांचें मत गौण, आणि सूड मागतात तेव्हां तेंच प्रमाण, असा दुहेरी न्याय तर्कास धरून नाहीं.

त्याच वर्षीं ३ जून रोजीं घटना समितींत डॉ. आंबेडकर यांनीं, फांशीच्या प्रत्येक खटल्याचें अपील सर्वोच्च न्यायालयाकडे नेण्याची तरतूद करण्यापेक्षां फांशीची शिक्षाच काढून टाकावी हें आपण अधिक पसंत करूं, असें सांगितलें. हा देश आचरणांत नसला तरी तत्त्वतः अहिंसा मानणारा आहे, असें त्याचें कारण त्यांनीं दिलें. त्याच्या आदल्या वर्षीं झहीर-उल-हसनैन लारी या सभासदानें देहदण्ड रद्द करण्याची उपसूचना आणली होती; ती संमत झाली नाहीं. गोडसे-आपटे यांच्या फांशीनंतर अकराव्या दिवशीं, २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं, राज्यघटना स्वीकृत झाली, ती देहदण्ड कायम ठेवून. मात्र दयेचा अधिकार तींत राष्ट्रपति व राज्यपाल यांस दिला गेला.

५. पुढील कायदा

पुढें नियम व अपवाद यांची अदलाबदल झाली. इ. स. १९५५ मध्यें फांशी न देण्याचीं कारणें लिहिण्याचें बंधन गेलें. इ. स. १९७३ च्या कार्यपद्धति संहितेनें उलट फांशी देण्याचींच विशेष कारणें लिहावींत असें ठरविलें. इ. स. १९८० मध्यें बच्चनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांपैकीं चौघांनीं देहदण्ड घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला, पण तो विरळांतील विरळ प्रसंगींच द्यावा, अशी मर्यादा घातली, न्या. भगवती यांनीं विरुद्ध मत दिलें. इ. स. १९६७ च्या आपल्या ३५ व्या अहवालांत विधि आयोगानें देहदण्ड ठेवावा असें म्हटलें होतें, इ. स. २०१५ च्या २६२ व्या अहवालांत, दहशतवादाचे व राज्याविरुद्ध युद्धाचे अपराध सोडून इतरत्र तो रद्द करावा, अशी शिफारस केली. इ. स. २०२४ च्या १ जुलैपासून जुन्या दण्डसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तींतहि खुनास मृत्युदण्ड किंवा आजन्म कारावास हा विकल्प कायम आहे. महाराष्ट्रांत फांशीची व्यवस्था येरवडा व नागपूर या दोन कारागृहांत आहे. अजमल कसाब यास इ. स. २०१२ मध्यें येरवड्यास, आणि याकूब मेमन यास इ. स. २०१५ मध्यें नागपुरास फांशी देण्यांत आली.

६. पूर्वपक्ष व उत्तरपक्ष

आतां दोन्ही पक्ष एकत्र मांडूं. देहदण्डाच्या बाजूचे मुख्य मुद्दे तीन. (अ) धाक : मरणाइतकें भय दुसऱ्या कशाचेंहि नाहीं. (आ) अपराधाच्या मानानें दण्ड : कित्येक कृत्यें इतकीं घोर असतात कीं, त्यांस बंदीवास पुरेसा म्हणणें म्हणजे मेलेल्याचें मोल कमी करणें होय. (इ) प्रजेचें रक्षण : मेलेला पुन्हां अपराध करीत नाहीं.

पहिल्या मुद्द्यास द्युमत्सेनानेंच नकळत उत्तर दिलें आहे. वधानेंहि कांहीं लोक आवरत नाहींत, हें त्याचेंच वाक्य. त्रावणकोर संस्थानांत इ. स. १९४४ मध्यें देहदण्ड बंद झाला व संस्थान भारतांत आल्यावर तो पुन्हां लागू झाला. मधल्या काळांत तेथें खुनांचा पूर लोटला नाहीं, हा दाखला या वादांत नेहमीं दिला जातो. तिसऱ्या मुद्द्यास आजन्म कारावास हें उत्तर आहे. दुसरा मुद्दा मात्र आम्हांस खरोखर भारी वाटतो. मुंबईवरील इ. स. २००८ च्या हल्ल्यांत ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्यापुढें उभें राहून सत्यवानाचें वचन उच्चारणें सोपें नाहीं, आणि जो तें सहज उच्चारील त्याच्या दयेविषयीं आम्हांस शंका येईल.

तरीहि उत्तरपक्षांत असा एक मुद्दा आहे कीं, ज्यास पूर्वपक्षाकडे उत्तर नाहीं. तो प्रमादाचा. महाराष्ट्रांतील एका खटल्यांत भटक्या जमातींतील सहा जणांपैकीं तिघांची फांशी उच्च न्यायालयानें कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. इ. स. २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सहाहि जणांस फांशी सांगितली. इ. स. २०१९ मध्यें त्याच सर्वोच्च न्यायालयानें पुनर्विचार करून सहाहि जण निर्दोष ठरविले, प्रत्येकास पांच लक्ष रुपये भरपाई देवविली आणि तपासाच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. सुमारें सोळा वर्षें ते बंदीवासांत होते. पुनर्विचाराआधीं शिक्षा अमलांत आली असती, तर भरपाई कोणास देणार? अन्याय्य धनदण्ड परत करतां येतो. अन्याय्य बंधनांतून निदान उरलेलें आयुष्य परत देतां येतें. प्राणाचें तसें नाहीं. दण्ड परत घेतां येण्यासारखा नसेल, तर दण्ड देणारा सर्वज्ञ असला पाहिजे. न्यायाधीश कितीहि विद्वान् असला तरी त्यास साक्षीदाराच्या डोळ्यांनींच पाहावें लागतें.

७. समारोप

म्हणून आमचा अभिप्राय सत्यवानाच्या पक्षाकडे झुकतो. मात्र द्युमत्सेनास गप्प बसवून नव्हे. प्रजेचें रक्षण करण्याचें त्याचें ओझें खरें आहे. ज्यास फांशी नको त्यानें तपास चोख व्हावा, खटले वर्षानुवर्षें लोंबूं नयेत, आणि मारल्या गेलेल्याच्या मुलाबाळांची सोय राज्यानें लावावी, हें मागितलें पाहिजे. नाहीं तर त्याची दया अपराध्यापुरतीच राहील. सत्यवान् ज्या माता-पिता-भार्या-पुत्रांविषयीं बोलला, तीं दोन्ही घरांत असतात.

शेवटीं वऱ्हाडांतील वाचकांस एक विनंति. अमरावती व अकोला येथील जुन्या वकील घराण्यांत फांशीच्या खटल्यांचे निकाल, दयेचे अर्ज किंवा त्यांसंबंधीं खासगी पत्रें असल्यास तीं रद्दींत न घालतां त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्यात. राजांनीं दिलेल्या दानांचे ताम्रपट आपण जपले. प्रजेनें मागितलेल्या जीवदानाचे कागदहि तितकेच जपण्यासारखे आहेत.